डाव्या हातानं वाढवलेली मिरची

मी एक म्हातारी मिरची आहे, मित्रांनो. हसू नका. तुम्ही म्हणाल, मिरची ती केवढी आणि तिचं म्हातारपण ते केवढं! पण आमच्या जातीत पाच वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. माझं खोड लाकडासारखं झालंय. माझं घर म्हणजे गोडेतेलाचा एक पत्र्याचा डबा. त्याला तिन्ही बाजूंनी गंज चढलाय. चौथी बाजू भिंतीकडे आहे, ती मला दिसत नाही, म्हणून ती अजून नवी आहे असं मी धरून चालते.

माझं नाव कांबुझी. आमच्या आफ्रिकेतल्या मलावीत कांबुझी म्हणजे शेळीचं पिल्लू. मिरचीला शेळीचं नाव का, ते मला जन्मल्यावर थोड्याच दिवसांत कळलं. एका पाखरानं मला झोंबा गावात, बांबो सिकेलो (बांबो म्हणजे तुमचं 'बाबा') या शिंप्याच्या स्वयंपाकघरामागे, राखेच्या ढिगाऱ्याजवळ टाकलं. (गावाचं नाव झोंबा, आणि जन्माला आली मिरची! असो.) मला चार पानं फुटली आणि शेजारच्या शेळीनं ती खाल्ली. मी पुन्हा फुटले. तिनं पुन्हा खाल्ली. तिसऱ्या वेळी मात्र बांबो सिकेलोंच्या बायकोनं, एसिनातीनं, तिला चुलीतलं लाकूड दाखवून पळवून लावलं.

"ही शेळी हिच्या मागेच लागलीये," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणजे जात चांगली असणार. अहो, एखादा डबा द्या मला."

बांबोंनी डबा दिला, पण तसाच नाही दिला. खिळा आणि दगड घेऊन त्यांनी त्याच्या बुडाला सात भोकं पाडली, तळाशी खडे घातले. "पाणी साचलं की मुळं कुजतात," ते म्हणाले. पुढे मी बाजारातल्या किती तरी झाडांना बिनभोकाच्या सुंदर कुंड्यांत कुजून मरताना पाहिलं. तेव्हा मला त्या सात भोकांची किंमत कळली.

मित्रांनो, मिरची लावतात ती खायला. आमच्याकडे तर वाळवलेल्या माशांच्या कालवणात मिरची नसेल तर माणसं ताटाकडे बघून उसासा टाकतात. पण बांबोंनी मला उचललं आणि घरापुढच्या पडवीत, आपल्या शिवणयंत्राशेजारी ठेवलं. वर हुकूम काढला, "हिची एकही मिरची तोडायची नाही. खायला मागच्या वाफ्यात आहेत. ही बघायची."

सगळी गल्ली हसली. शेजारीण म्हणाली, "बांबो, शोभेला प्लास्टिकची फुलं ठेवतात. ती पाणी मागत नाहीत आणि डोळेही जाळत नाहीत."

"अहो बाई," बांबो सुईत दोरा ओवत म्हणाले, "मी जानेवारीपासून शाळेचे निळे गणवेश शिवतोय. निळा शर्ट, निळा शर्ट, निळा शर्ट. डोळ्यांना मध्येच काही लाल दिसायला नको का?"

त्या दिवसापासून मी नोकरीला लागले. माझं काम एवढंच, की बांबोंनी मान वर केली की लाल दिसायचं. तुम्हाला ते सोपं वाटेल. पण माझी फळं एकदम लाल होत नाहीत. आधी हिरवी, मग पिवळी, मग केशरी, मग लाल, आणि बोरांएवढी गोल. एकाच वेळी अंगावर चारही रंग बाळगायचे आणि वरून नवी पांढरी फुलंही काढायची, याला मेहनत लागते. मी मेहनती आहे. हे मी सांगायला नको होतं, पण दुसरं कोण सांगणार?

बांबो माझे लाड करायचे, पण त्यांच्या पद्धतीनं. कोळशाच्या इस्त्रीनं कपडे फिरवताना ते तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फुर्रकन फवारायचे. शेवटचा घोट माझ्यावर. इस्त्रीतली राख थंड झाली की ती माझ्या डब्यात. माझा शेंडा जरा वर गेला की ते नखानं तो खुडायचे. मला राग यायचा. मग ते म्हणायचे, "कापड कापल्याशिवाय अंगाला बसतं का? थांब जरा." आणि खरंच, खुडलेल्या जागी दोन दोन फांद्या फुटायच्या. मी उंच झाले नाही, पण घेरदार झाले. येणारी-जाणारी माणसं थांबायची. मापं द्यायला आलेल्या पोरींचं लक्ष मापाच्या फितीकडे नसायचं, माझ्याकडे असायचं. एका बाईंनी तर मला विकत मागितलं. बांबो म्हणाले, "यंत्र न्या हवं तर."

अशी दोन वर्षं सुखाची गेली.

मग एका जून महिन्यात डोंगरावरून धुकं उतरलं आणि ती बारीक, गार झिमझिम सुरू झाली, जी आमच्याकडे चार-चार दिवस थांबत नाही. बांबो कोट घालून कापड कापत होते. मध्येच कात्री खाली पडली. त्यांनी ती उचलायला हात नेला. हात गेलाच नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे असे बघत राहिले, की जणू तो कुणी दुसऱ्यानं तिथे विसरला होता. मग ते खुर्चीतून एका कुशीला कलंडले.

तीन आठवडे ते दवाखान्यात होते. परत आले तेव्हा उजवा पाय ओढत चालत होते. बोलणं शाबूत होतं. पण उजवा हात मेला होता. पिळून टाकलेल्या फडक्यासारखा तो अंगाशी लोंबत होता. एसिनातीनं शिवणयंत्रावर एक जुनं लुगडं घातलं. त्या दिवशी तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मित्रांनो, हात गेला हे दुःख मोठंच. पण बांबोंचं खरं दुःख दुसरं होतं. आमच्याकडे डाव्या हातानं कुणाला काही देत नाहीत. कुणाकडून काही घेत नाहीत. रामराम करायचा तो उजवा हात हातात देऊन, आणि समोरचा वडीलधारा असेल तर डावा हात उजव्याच्या कोपराला लावून. मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा सगळे एका ताटातून खातात, तोही उजव्या हातानंच. डावा हात असतो तो नाक पुसायला, डोळे चोळायला आणि अशाच इतर कामांना. बांबो सिकेलो साठ वर्षं या रीतीनं वागले होते. आता त्यांच्याकडे नेमका तोच हात उरला होता.

पहिल्या आठवड्यात शेजारी भेटायला आले. एकानं रामराम करायला हात पुढे केला. बांबोंनी खाली पाहिलं. शेजाऱ्यानं हात मागे घेतला आणि पावसाविषयी बोलू लागला. त्यानंतर बांबो आतल्या खोलीत गेले ते बाहेर येईनात. जेवायचे एकटे, भिंतीकडे तोंड करून. कुणी आलं की एसिनाती दारातूनच सांगायची, "झोपलेत." ती त्यांना न्हाऊ घालायची, सदरा चढवायची, बटणं लावायची, पाण्याचा पेला तोंडाला लावायची. त्यांना काही करावं लागू नये म्हणून ती दिवसभर धावायची. तिची माया मोठी होती. पण बांबो दिवसेंदिवस लहान होत चालले होते, हे मला पडवीतून खिडकीवाटे दिसायचं.

आणि माझं? मला विचारायला कुणी राहिलंच नव्हतं. माती भेगाळली. पानं पिवळी पडून गळू लागली. पानांच्या मागच्या बाजूला मावा बसला, आणि मावा हा पाहुणा जायचं नाव घेत नाही. अंगावर दहा-बारा फळं होती ती तशीच सुकून काळी पडली. लाल दिसायची माझी नोकरी होती, पण बघणाराच उठून गेला होता. खरं सांगते, त्या दिवसांत मला शेळीसुद्धा चालली असती.

याच सुमाराला घरात तिओंगेची सोयरीक ठरली.

तिओंगे ही बांबोंची भाची. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून ती मामाच्याच घरी वाढली. बाजारात एका झाडाखाली बसून ती बायकांचे केस विणते. इतकी बारीक वेणी घालते, की बायका दोन-दोन तास मान वाकडी करून बसतात आणि वर तिचे आभार मानतात. थ्योलोच्या चहामळ्यांकडचा यांखो नावाचा मुलगा तिला आवडला होता. त्याच्या घरचेही राजी होते. आता राहिला तो कोंबड्याचा विधी.

आमच्याकडे सोयरीक पक्की होते ती अशी. मुलाचा मामा कोंबडा घेऊन येतो. मुलीचा मामा सगळ्यांसमोर तो आपल्या हातात घेतो आणि बदल्यात कोंबडी देतो. मामानं कोंबडा घेतला की पोरगी दिली. कोंबडा नाही घेतला तर वऱ्हाड आल्या पावली परत. बाप असो वा नसो, मामा लागतोच.

तिओंगे बांबोंसमोर गुडघे टेकून बसली. खिडकी उघडी होती, मी सगळं ऐकलं.

"मामा, पुढच्या वर्षी मका काढून झाला की यायचं म्हणतात. कोंबडा तुम्ही घ्यायचा."

"कशानं घेऊ? दातांनी?"

"मामा!"

"चर्चमधल्या कुणा वडीलधाऱ्याला सांगा. तो घेईल माझ्या जागी."

"मामा तुम्ही आहात की तो?"

"अगं पोरी, सोयऱ्यांचा कोंबडा मी डाव्या हातानं घेतला तर ते काय म्हणतील? म्हणतील, यांनी आम्हाला तोंडावर हिणवलं. तुझ्या संसाराची सुरुवात अपमानानं करू का?"

तिओंगे मग म्हणाली, "तुम्ही नाही घेतलात तर मला वाटेल, मला कुणी दिलंच नाही. मी आपली निघून गेले."

बांबोंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती उठून बाहेर आली आणि माझ्या शेजारी उभी राहून रडली. तेव्हा माझ्या डब्यात जे दोन-चार थेंब पडले, तेवढंच पाणी मला त्या महिन्यात मिळालं.

पुढची गोष्ट ऑगस्टमधली. गल्लीत एक मयत झालं होतं आणि सगळी माणसं तिकडे गेली होती. घर रिकामं होतं. बांबो पाय ओढत पडवीत आले. ऊन चांगलं पडलं होतं. ते यंत्राशेजारच्या खुर्चीत बसले, सवयीनं मान वर केली, आणि त्यांना मी दिसले.

"अगं बाई," ते म्हणाले, "तुझी ही दशा?"

मी काय बोलणार! एक पिवळं पान होतं, ते तेवढ्यात गळलं.

ते उठले. रस्त्यावर कुणी बघत नाही ना, हे त्यांनी दोन्हीकडे पाहून घेतलं. मग बादलीतून पाण्याचा मग भरून डाव्या हातानं माझ्याकडे आणला. तो हात अगदी अडाणी होता. अर्धं पाणी त्यांच्या पायावर सांडलं, थोडं भिंतीवर, राहिलेलं माझ्या मुळाशी. मित्रांनो, मला डावं-उजवं कळत नाही. मला ओलं आणि सुकं एवढंच कळतं. मी ते पाणी घटाघटा प्यायले.

दुसऱ्या दिवशी एसिनाती बाजारात गेल्यावर ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मगातलं पाणी फार सांडलं नाही. त्यांनी साबणाचं पाणी करून माझी पानं पुसली आणि मावा घालवला. सुकलेल्या फांद्या कापल्या. डाव्या हातात कात्री बसत नव्हती, म्हणून शेवटी नखानंच खुडल्या. एसिनातीला हे कळलं नव्हतं असं तुम्हाला वाटतं? तिला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, भिंतीवरचे ओघळ पाहून. पण ती शहाणी बाई. ती त्यानंतर रोज बाजारात जाऊ लागली, काही आणायचं नसलं तरी.

सप्टेंबरात एक गंमत झाली. माझ्या अंगावरची सुकलेली फळं बांबोंनी तोडली आणि बोटांनी चुरून बिया वेगळ्या केल्या. मग घाम आला म्हणून डोळा चोळला.

आता नीट ऐका. साठ वर्षं त्यांच्या उजव्या हातानं मिरची हाताळली होती आणि डाव्या हातानं डोळा चोळला होता. दोन्ही हातांची कामं वेगळी, म्हणून या माणसाला मिरचीच्या हातानं डोळा चोळू नये, हे कधी शिकावंच लागलं नव्हतं. आमच्या गावात कुणालाच लागत नाही. आता एकच हात दोन्ही कामं करत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

बांबोंनी अशी आरोळी ठोकली, की छपरावरची कबुतरं उडाली. एसिनाती बाजारात नव्हतीच, घरामागेच बसली होती. ती धावत आली. तिला वाटलं, पुन्हा झटका आला.

"काय झालं? कुठे दुखतंय? पाय? छाती?"

"डोळा! डोळा!"

"डोळ्याला काय झालं?"

"हात विसरला!"

तिनं बिया पाहिल्या, त्यांची बोटं पाहिली, आणि तिला सगळं कळलं. तिनं तांब्याभर पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं. मग दुसरा तांब्या. मग ती जमिनीवर बसून जी हसायला लागली, ती थांबेचना. "साठ वर्षांचा शिंपी," ती म्हणत होती, "आणि डोळ्यात मिरची घालतोय! चार वर्षांचं पोर बरं!" बांबोंचा एक डोळा टोमॅटोसारखा झाला होता. आधी ते चिडले. मग तेही हसले. जूननंतर त्या घरात हसू ऐकलं ते तेव्हा. माझ्यामुळे त्यांना त्रास झाला याचं मला वाईट वाटलं, पण फार नाही.

त्या बियांची रोपं झाली. रोपांना डबे हवेत, म्हणून एसिनातीनं सगळ्या गल्लीतून तेलाचे, रंगाचे, दूधभुकटीचे डबे गोळा केले. बांबो डबा पायात धरायचे आणि डाव्या हातानं दगड मारून भोकं पाडायचे. प्रत्येक डब्याला सात. मग त्यांच्यातला शिंपी जागा झाला. गंजके डबे त्यांना बघवेनात. शिवणाच्या पेटीतली फुलाफुलांच्या कापडाची चिंधुकं काढून त्यांनी डब्यांना झगे घातले. गाठ एका हातानं बसत नाही, म्हणून एक टोक दातांत धरून डाव्या हातानं ओढायचे. मला निळ्या गणवेशाच्या कापडाचा झगा मिळाला. मी काही बोलले नाही.

आमच्याकडे नोव्हेंबरात येतो तो पावसाळा आला आणि गेला. मका उंच झाला, मग वाळला. माझ्या पोरी डब्यांतून घेरदार झाल्या आणि रंगल्या. बघायला येणाऱ्यांना बांबो आता शेंडा कसा खुडायचा ते सांगायचे. पण चहा आला की पाहुणा जाईपर्यंत त्यांचा पेला तसाच गार होत बसायचा. आणि कोंबड्याचा विषय निघाला की ते म्हणायचे, "अंगण सजवायला झाडं देतो. मी आतच बसेन. वडीलधारा ठरलाय ना? झालं तर मग."

विधीच्या दोन दिवस आधी तिओंगेनं एक पराक्रम केला. थंडीचे दिवस होते. रविवारी चर्चला जाताना पोरांचे पाय चकाकावेत म्हणून आया त्यांना चोपून व्हॅसलीन लावतात, तसं तिनं आम्हाला लावलं. पानन् पान. आम्ही चकाकत होतो, पण आमचा जीव गुदमरत होता.

"अगं, झाडं पानांनी श्वास घेतात!" बांबो ओरडले. "ही काय शाळेत चाललीत?" आणि त्यांनी दोन दिवस बसून कोमट पाण्यानं एकेक पान पुसलं. तिओंगे शेजारी बसून पाणी देत होती. त्या दोन दिवसांत तिनं त्यांना एकदाही काही विचारलं नाही. मला वाटलं, आता हिनं आशा सोडली.

विधीच्या दिवशी सकाळी आम्हाला फाटकापासून चटईपर्यंत दोन रांगांत मांडलं. मी सर्वांत थोरली, म्हणून मला दाराशी, अगदी शेवटी ठेवलं. माझ्या मागे दाराचा पडदा होता आणि पडद्यामागे बांबो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

थ्योलोची माणसं गात आली. पुढे यांखोचा मामा होता, बांबो मुसोवा. उंच, वाळकुडा, हातात काठी, अंगात जुना पण इस्त्री केलेला कोट. त्यांच्या मागे एकाच्या काखेत कोंबडा होता. तांबडा, मोठा आणि दिसताक्षणी भांडकुदळ.

"आम्ही एक कोंबडी शोधत आलोय," बांबो मुसोवांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली.

"कोंबड्या पुष्कळ आहेत," आमच्या बाजूचे चर्चचे वडीलधारे म्हणाले. "तुमची कुठली?"

"आमची केस विणते म्हणे."

बायका हसल्या. तिओंगे मान खाली घालून चटईवर बसली होती. तिनं एकदाच मान वर केली आणि पडद्याकडे पाहिलं. पडदा हलला नाही.

मग बांबो मुसोवांनी काठी काखेत धरून दोन्ही हातांनी कोंबडा पुढे केला. चर्चचे वडीलधारे मोठे सज्जन गृहस्थ, पण त्यांना कोंबडा धरता येत नव्हता. त्यांनी तो पंखांखाली धरायच्या ऐवजी पाय धरले. कोंबड्यानं एक फडफडाट केला, पायांना बांधलेली चिंधी सुटली आणि तो अंगणात पळाला. माणसं ओरडली, "धरा! धरा!" तो खुर्च्यांखालून गेला, डब्यांच्या रांगेतून गेला, आणि त्याला मी दिसले. सगळ्यांत लाल मीच होते. पाखरांना आमचा तिखटपणा अजिबात कळत नाही, मित्रांनो. आम्ही त्यांना गोड फळंच वाटतो. त्यानं झेप घेतली आणि तो सगळ्या वजनानिशी माझ्यावर बसला. माझी मधली फांदी बुंध्यापासून कडकन मोडली. मला काय वाटलं ते मी सांगणार नाही. तुमचं बोट दारात सापडलं असेल तर तुम्हाला ठाऊक आहे.

तेवढ्यात पडदा फाटल्यासारखा बाजूला झाला. बांबो सिकेलो बाहेर आले. काठी नाही, काही नाही. "माझं झाड!" असं ओरडत, पाय ओढत आले आणि एका झडपेत त्यांनी कोंबडा पंखांखालून पकडला. डाव्या हातानं. वर्षभर मग उचलणारा, डबे ठोकणारा, गाठी ओढणारा तो हात. कोंबडा तिथेच थिजला. त्याच्या चोचीत माझी एक मिरची होती.

आणि मग बांबोंना कळलं, आपण कुठे उभे आहोत.

एसिनातीनं तोंडावर पदर धरला. मुलीच्या मामाच्या हातात कोंबडा होता, आणि तो हात डावा होता. खाली ठेवावा तर सोयरीक नाकारल्यासारखं. धरून ठेवावा तर सोयऱ्यांचा अपमान. उजव्या हातात घ्यावा, तर तो हात लोंबतच होता. बांबोंचा चेहरा राखेसारखा झाला. तिओंगे त्यांच्याकडे बघत होती.

बांबो मुसोवा हळूहळू चालत आले. त्यांनी कोंबड्याकडे पाहिलं. मग खाली वाकून माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या कोंबड्यानं तुमचं झाड मोडलं," ते म्हणाले.

"झाड फुटेल पुन्हा," बांबो म्हणाले. वर्षभरात जे त्यांनी कुणासमोर उच्चारलं नव्हतं, ते मग त्यांनी सगळ्या वऱ्हाडासमोर सांगितलं. "बांबो, माझा उजवा हात मेलाय. दुसरा आहे तो हा. तुमचा कोंबडा मी याच हातानं घेऊ शकतो. अपमान समजू नका. पोरगी माझी फार लाडकी आहे हो."

बांबो मुसोवांनी मान हलवली. "हा कोंबडा पकडायला काल आमच्याकडची चार माणसं लागली," ते म्हणाले. "चौघांचे उजवे हात धडधाकट होते."

कुणीतरी खुदकन हसलं. पण बांबो मुसोवा हसले नाहीत. त्यांनी आपली काठी माझ्या डब्याला टेकवून ठेवली. "कोंबडा सोडू नका," ते म्हणाले, "आता तो तुमचा." आणि त्यांनी खाली लोंबणारा तो मेलेला हात, ज्याला वर्षभरात एसिनातीशिवाय कुणी शिवलं नव्हतं, आपल्या दोन्ही हातांत उचलून घेतला, आणि गुडघे वाकवून वडीलधाऱ्याला करावा तसा रामराम केला.

बायकांनी आनंदानं जिभा हलवून अशी ललकारी दिली, की ती डोंगरापर्यंत गेली असेल. तिओंगे रडत होती आणि हसत होती. बांबोही रडत होते, आणि त्यांना डोळे पुसता येत नव्हते, कारण एका हातात कोंबडा होता आणि दुसरा सोयऱ्यांनी धरला होता. शेवटी एसिनातीनं आपल्या पदरानं पुसले.

त्या दिवशी बांबो सिकेलो सगळ्यांबरोबर एका ताटात जेवले. डाव्या हातानं. बांबो मुसोवा त्यांच्या शेजारी बसले होते आणि माशाचे चांगले तुकडे त्यांच्याकडे सरकवत होते.

माझ्या पोरी आता थ्योलोला चहामळ्याच्या कडेला तिओंगेच्या घरापुढे आहेत. मी इथेच आहे. मोडलेल्या जागेखालून मला तीन फांद्या फुटल्या. पण मी आता जुनी झाले. फळं कमी धरतात. अजून एखादा पावसाळा मी बघेन, फार तर दोन. मला त्याचं वाईट वाटत नाही.

जाता जाता तुम्हाला एकच सांगते, मित्रांनो. तुमच्याही घरात कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलेलं असेल. त्याच्या तोंडाला पाण्याचा पेला जरूर लावा. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच्याकडे काहीतरी मागा. त्याच्यावाचून अडेल असं काहीतरी त्याच्यासमोर ठेवा आणि खुशाल बाजारात निघून जा. लोक म्हणतात, या मिरचीनं बांबो सिकेलोंना उठवलं. छे! मला कुठलं येतंय तसलं काही? मी रोज त्यांच्याकडे एक मग पाणी मागत होते, एवढंच.